स्थानक उभे राहते, जमीन महागते. पण ती भाववाढ कोणाची? शहराच्या काठावरील एका स्थानकाचा इतिहास

१/२८
सोनपेठ शहरात रेल्वे स्थानक नाही. गाडी पकडायची तर गंगाखेड किंवा परळी वैजनाथ गाठावे लागते. गंगाखेडला थांबणारी नांदेड–पनवेल गाडी परळी, लातूर, कुर्डुवाडी, पुणे असा लांबचा फेरा घेत ज्या स्थानकात संपते, ते पनवेल म्हणजे मुंबईच्या हार्बर मार्गाचे अखेरचे स्थानक. परभणी जिल्ह्यातून मजुरीसाठी, शिक्षणासाठी वा नोकरीसाठी निघालेल्या कित्येकांना महानगराचे पहिले दर्शन या काठावरच्या फलाटावर होते.

२/२८
पनवेल, बेलापूर, नेरूळ, वाशी ही स्थानके दिसायला साधी आहेत. त्यांच्या पोटात मात्र विसाव्या शतकातील एक मोठा वाद दडलेला आहे. शेतातून रूळ गेला की भोवतालच्या जमिनीचा भाव वाढतो. ही वाढ जमीनमालकाच्या कष्टाची नसते आणि खरेदीदाराच्या कष्टाचीही नसते. ती रुळाने आणलेली असते. मग तिच्यावर हक्क कोणाचा? रेल्वेचा, सरकारचा, की पिढ्यानपिढ्या ती जमीन कसणाऱ्याचा? या धाग्याचा विषय हाच आहे.

३/२८
आरंभ मराठवाड्यातूनच करणे योग्य. मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग १९०१ पर्यंत पूर्ण झाला आणि परभणी रेल्वेच्या नकाशावर आली. या मार्गावर ‘मानवत रोड’ नावाचे स्थानक आहे. नावातील ‘रोड’ या शब्दाचा अर्थ असा, की मानवत गाव येथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता येथून फुटतो. अभियंत्यांनी रूळ आपल्या सोयीने टाकला. गावाने स्थानकाकडे चालत यावे, अशी अपेक्षा ठेवली.

४/२८
त्या काळातील रेल्वेला स्थानकाभोवती वस्ती वसवण्याची निकड का वाटली नाही? उत्तर तिच्या नावातच आहे : ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’. कंपनीच्या भांडवलावर ठरावीक परतावा मिळेल, याची हमी राज्याच्या तिजोरीने दिलेली होती. ब्रिटिश हिंदुस्थानातही हीच रीत होती. जीआयपी रेल्वेला १८४९ च्या कराराने पाच टक्क्यांची हमी मिळाली. प्रवासी येवोत वा न येवोत, भागधारकाचे व्याज सुरक्षित होते. १९३० मध्ये निजाम सरकारने कंपनीची ही रेल्वे विकत घेतली, तेव्हा हमीचे ते पर्व येथे संपले.

५/२८
मुंबईत मात्र रुळामागून वस्ती आपोआप आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी ३४ किलोमीटरवरील ठाण्याला पोहोचली, तेव्हा ठाणे हे मुंबईचे उपनगर नव्हतेच. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे रोजची गाडी सुरू झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची गाडी धावली. प्रवासाचा वेळ घटला, तशी भातशेते, नारळीच्या वाड्या आणि खाजणे यांची गणना ‘उपनगरात’ होऊ लागली.

६/२८
या स्थित्यंतरातून रेल्वेच्या पदरी तिकिटाचे चार पैसे पडले. जमिनीच्या भाववाढीचा लाभ मालकांना, दलालांना आणि बांधकाम करणाऱ्यांना झाला. याच सुमारास जपानमध्ये एका माणसाने हे गणित उलटे मांडले. त्याचे नाव कोबायाशी इचिझो. जन्म १८७३, पेशा प्रथम मित्सुई बँकेतील नोकरी. पुढे तो ओसाका शहराबाहेर जाणाऱ्या एका नव्या विद्युत रेल्वेच्या उभारणीत उतरला.

७/२८
ही रेल्वे मोठ्या शहरांना जोडणारी नव्हती. ओसाकातील उमेदाहून निघून ती ताकाराझुका व मिनो या डोंगराच्या कुशीतील ठिकाणी जात होती. वाटेत शेते आणि विरळ वस्ती. अशा मार्गावर प्रवासी कोठून मिळणार, अशी शंका भांडवलदारांना होती. कोबायाशीचे उत्तर सरळ होते : प्रवासी नसतील, तर ते वसवावे लागतील. १० मार्च १९१० रोजी गाडी सुरू झाली. त्याआधीच कंपनीने मार्गालगतची जमीन स्वस्तात विकत घेऊन ठेवली होती.

८/२८
त्याच वर्षी इकेदा येथे कंपनीने घरे बांधून विक्रीस काढली, तीही हप्त्यांवर. शहरातील धुराला कंटाळलेल्या पगारदार मध्यमवर्गाला बाग असलेले घर दहा वर्षांच्या हप्त्यांत मिळू लागले. सकाळी गाड्या शहराकडे भरून जात आणि परतताना रिकाम्या येत. म्हणून दुसऱ्या टोकाला, ताकाराझुकाला, गरम पाण्याचे स्नानगृह आणि १९१४ पासून मुलींची संगीत नाट्यमंडळी सुरू झाली. १९२९ मध्ये उमेदाच्या स्थानकातच बहुमजली दुकान उघडले.

९/२८
घर, करमणूक, खरेदी आणि प्रवास असे चारही व्यवहार एकाच कंपनीच्या हाती आले. रुळाने जमिनीला चढवलेला भाव रुळाच्याच तिजोरीत परतला आणि सरकारी हमीची गरज उरली नाही. हीच कंपनी पुढे हांक्यू या नावाने प्रसिद्ध झाली. जपानमधील खासगी उपनगरी रेल्वे आजही बऱ्याच अंशी याच वाटेने चालतात.

१०/२८
टोकियोत हाच प्रयोग वेगळ्या रूपाने झाला. उद्योगपती शिबुसावा एइची यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये ‘उद्याननगर’ वसवणारी कंपनी स्थापन झाली. इंग्लंडमधील उद्याननगराच्या कल्पनेची ती जपानी आवृत्ती होती. १९२३ मध्ये शहराच्या काठावर एक स्थानक उघडले. त्याच्या पश्चिमेकडून पंख्याच्या काड्यांप्रमाणे रस्ते पसरलेले होते. हेच आजचे देन-एन-चोफु. मध्यमवर्गासाठी कल्पिलेली ती वसाहत पुढे अतिश्रीमंतांची झाली, हाही त्या इतिहासाचा भाग.

११/२८
या साऱ्यात जमिनीचा मूळ धनी, म्हणजे शेतकरी, कोठे होता? कोबायाशीच्या काळात तो जमीन विकून बाजूला झाला होता. हा प्रश्न खऱ्या अर्थाने समोर आला दुसऱ्या महायुद्धानंतर. तोक्यू रेल्वेचे प्रमुख गोतो केइता यांनी १९५३ मध्ये टोकियोच्या नैर्ऋत्येस, कावासाकी आणि योकोहामा यांच्या काठावरील तामा टेकड्यांवर नवे नगर वसवण्याची योजना जाहीर केली. जमीन हजारो छोट्या शेतकऱ्यांची होती. सगळी विकत घेणे परवडणारे नव्हते.

१२/२८
तेथे वापरलेली पद्धत समजून घेण्याजोगी आहे. समजा, एका शेतकऱ्याची वेडीवाकडी दहा गुंठे जमीन आहे. परिसरातील सर्व मालक मिळून एक संघ स्थापतात. प्रत्येकाच्या जमिनीतून काही भाग रस्ते, उद्याने, शाळा आणि स्थानक यांसाठी निघतो. शेतकऱ्याकडे समजा सहा-सात गुंठे उरतात. पण ते सरळ आखलेले, रस्त्यालगतचे, पाणी आणि गटार असलेले. क्षेत्र घटले, किंमत वाढली. मालक मात्र तोच राहिला.

१३/२८
तोक्यूने या संघांच्या वतीने मोजणी, सपाटीकरण व रस्त्यांचे काम केले आणि मोबदल्यात राखीव भूखंड घेतले. १ एप्रिल १९६६ रोजी मिझोनोकुची ते नागात्सुता हा नवा मार्ग उघडला आणि तामा-प्लाझा स्थानक अस्तित्वात आले. चहूकडे तेव्हा बोडकी, नुकतीच सपाट केलेली जमीन होती. हा मार्ग पुढे सरकत सरकत चुओ-रिंकान या टोकापर्यंत १९८४ मध्ये पूर्ण झाला. १९८४ हे साल लक्षात असू द्यावे. महाराष्ट्रात तेच साल अगदी वेगळ्या कारणाने नोंदले गेले आहे.

१४/२८
ही पद्धत परदेशी आहे, आपल्याकडे तिची ओळख नव्हती, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. मुंबई इलाख्याने १९१५ मध्ये नगररचना कायदा केला आणि त्यात ‘नगररचना योजना’ म्हणून अगदी हीच युक्ती होती : मूळ भूखंड एकत्र करायचे, रस्ते आखायचे आणि मालकाला ‘अंतिम भूखंड’ परत द्यायचा. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले, बोरिवली या स्थानकांभोवतीचे कित्येक सरळ रस्ते अशा योजनांतून निघाले.

१५/२८
याशिवाय दुसरी रीतही मुंबईत रुळलेली होती. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने दादर-माटुंगा परिसरात जमीन सक्तीने संपादन करून वसाहती आखल्या. काम नीटनेटके झाले, परंतु मूळ मालकाचा संबंध मोबदल्याच्या रकमेपुरताच राहिला. तेव्हा मुंबईच्या अनुभवात दोन वाटा होत्या. एकीत मालक भागीदार होता, दुसरीत तो पैसे घेऊन बाहेर पडत होता. स्वातंत्र्यानंतर नवे शहर वसवायची वेळ आली, तेव्हा दुसरी वाट निवडली गेली.

१६/२८
१९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी एक प्रस्ताव मांडला. मुंबईची वाढ उत्तरेकडे रुळांच्या कडेने चिंचोळी लांबत आहे. तिला खाडीपलीकडे, पूर्वेस वळवावे आणि तेथे सरकारी कार्यालयांसह स्वतंत्र शहर उभारावे, असा त्याचा गाभा होता. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९५ गावे अधिसूचित झाली.

१७/२८
प्रस्तावामागील अर्थकारण कोबायाशीच्या गणिताशी जुळणारे होते. शेतजमीन शेतीच्या भावाने घ्यायची, तिच्यावर रस्ते, पाणी व रेल्वे आणायची आणि भूखंड विकून आलेल्या पैशातून शहर उभे करायचे. फरक असा की येथे कंपनीच्या जागी सरकारी महामंडळ होते आणि विकत घेण्याच्या जागी १८९४ च्या कायद्याखालील सक्तीचे भूसंपादन होते. जमीन विकायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार शेतकऱ्याकडे उरला नाही.

१८/२८
ही जमीन ओसाड नव्हती. आगरी आणि कोळी समाजाची भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर येथील गावे उभी होती. शेत गेले म्हणजे धान्य गेले. मिठागर गेले म्हणजे हंगामी मजुरी गेली. खाडीत भराव पडला म्हणजे मासळी दुरावली. मोबदल्याची रक्कम मात्र केवळ शेताची, तीही शेतीच्या भावाने. आपल्याच शेतावर पडलेल्या भूखंडांचे चढते लिलाव गावकरी गावठाणातून पाहत होते.

१९/२८
शहरही वेगाने वाढत नव्हते. खाडीवरील वाशीचा रस्ता-पूल १९७३ मध्ये खुला झाला, पण रेल्वे मानखुर्दलाच थांबत होती. मंत्रालय मुंबईतच राहिले आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. वाशीत घर घेणाऱ्याला बसने मानखुर्द अथवा कुर्ल्यापर्यंत जाऊन लोकल पकडावी लागे. रुळावाचून उपनगर म्हणजे काय, याचा अनुभव नवी मुंबईने जवळपास वीस वर्षे घेतला.

२०/२८
गावांतील असंतोषाला संघटित रूप दिले दि. बा. पाटील यांनी. शेतकरी कामगार पक्षाचे हे नेते आमदार, खासदार आणि विरोधी पक्षनेते राहिले होते. त्यांची मागणी केवळ वाढीव मोबदल्याची नव्हती. विकसित जमिनीत वाटा द्या, ही होती. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. जासईत दरवर्षी त्यांना अभिवादन केले जाते.

२१/२८
या लढ्यातून साडेबारा टक्के योजना जन्मली आणि १९९० च्या दशकात ती अमलात येऊ लागली. संपादित झालेल्या क्षेत्राच्या साडेबारा टक्के एवढी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यावी, हे तिचे सूत्र. सार्वजनिक सोयींसाठीची कपात वजा जाता प्रत्यक्ष हाती पावणेनऊ टक्के येतात. तामामध्ये जी भागीदारी आरंभीच ठरली, ती येथे पाच जीव गेल्यानंतर आणि बऱ्याच लहान प्रमाणात मिळाली. तरीही भाववाढीवर मूळ मालकाचा हक्क आहे, हे तत्त्व शासनाला मान्य करावे लागले. हा बदल लहान नव्हता.

२२/२८
रेल्वे कशी आली, हेही पाहण्याजोगे आहे. खाडीपलीकडे रूळ नेण्याचा सगळा खर्च रेल्वेने करावा, असे घडले नाही. खर्चाचे ६७ टक्के सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलायचे, असे ठरले. सिडकोचा वाटा भूखंडांच्या विक्रीतून उभा राहिला. शिवाय या मार्गावरील तिकिटावर अनेक वर्षे अधिभार घेतला गेला. म्हणजे वाशीच्या स्थानकाचा खर्च तीन ठिकाणांहून आला : रेल्वेचा निधी, प्रवाशाचा खिसा आणि आगरी-कोळ्यांच्या शेताची वाढलेली किंमत.

२३/२८
९ मे १९९२ रोजी मानखुर्द–वाशी लोकल सुरू झाली. १९९३ मध्ये गाडी नेरूळ व बेलापूरपर्यंत, १९९८ मध्ये पनवेलपर्यंत गेली. २००४ मध्ये ठाणे–वाशी हा दुसरा धागा जुळला. स्थानकांची घडणही जुन्या मुंबईहून निराळी ठेवली गेली : प्रशस्त आवार, फलाटांखालून जाणारे भुयारी मार्ग आणि काही ठिकाणी रुळांच्या वर कार्यालये. हफीझ काँट्रॅक्टर यांनी रचलेले वाशीचे स्थानक-संकुल त्याचा ठळक नमुना. उमेदाच्या स्थानकातील दुकानाशी त्याचे नाते सहज लक्षात येते.

२४/२८
पुढे या मार्गाने मराठवाडाही जोडला गेला. बार्शी लाइट रेल्वेचा जुना नॅरोगेज मार्ग मोडून लातूर–कुर्डुवाडी ब्रॉडगेज २००८ पर्यंत पूर्ण झाला आणि परभणी-गंगाखेडकडून लातूरमार्गे पुणे-पनवेलची थेट वाट मोकळी झाली. मुंबईचे घाऊक बाजार नव्वदच्या दशकापर्यंत वाशी-तुर्भे येथे हलले होते. तेथे ओझी उचलणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या आणि घणसोली-कोपरखैरण्याच्या गावठाणांत भाड्याने राहणाऱ्या माणसांत मराठवाड्यातील माणूस मोठ्या संख्येने आहे.

२५/२८
येथे दोन शेतकऱ्यांची गाठ पडते. एकाची जमीन शहराने घेतली, म्हणून तो गावठाणात खोल्या बांधून भाडे घेतो. दुसऱ्याची जमीन कोरडवाहू राहिली, म्हणून ती सोडून तो त्या खोलीत भाडेकरू होतो. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ या सरकारी शब्दप्रयोगामागे वाढत्या कुटुंबांना पुरेसे गावठाण न मिळाल्याची कहाणी आहे. स्थानकाच्या सरळ आखलेल्या आवारापासून थोड्याच अंतरावर ही दाट, अरुंद गल्ल्यांची वस्ती दिसते. दोन्ही वस्त्या एकाच योजनेच्या दोन बाजू आहेत.

२६/२८
१९१५ ची वाट अखेर पुन्हा सापडली. २०१३ मध्ये नव्या विमानतळाभोवतीच्या गावांसाठी ‘नैना’ हे क्षेत्र सिडकोकडे सोपवले गेले. तेथे सरसकट संपादन टाळून नगररचना योजनांचा आधार घेतला जात आहे. सुमारे ६० टक्के जमीन सार्वजनिक सोयींसाठी जाते आणि ४० टक्के अंतिम भूखंड म्हणून मालकाकडे राहते. हे प्रमाण न्याय्य आहे का, यावर तेथील गावांत वाद आहेतच. तथापि साडेबारा टक्क्यांवरून चाळीस टक्क्यांवर आलेली ही वाटचाल १९८४ वाचून समजणार नाही.

२७/२८
सोनपेठच्या वाचकाला हा इतिहास दूरचा वाटू नये. अहिल्यानगर–बीड–परळी वैजनाथ हा सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग परळीच्या दिशेने येत आहे. त्याच्या खर्चाचा निम्मा भार राज्य शासन उचलते आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडपर्यंत प्रवासी गाडी पोहोचली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला मिळू शकतो. १८९४ च्या तुलनेत ही मोठी सुधारणा आहे. परंतु तो भाव गाडी येण्याआधीचा असतो. स्थानक झाल्यानंतर शेजारच्या जमिनीची जी किंमत होते, तिच्यात रुळासाठी शेत देणाऱ्याचा वाटा नसतो.

२८/२८
कोबायाशीने जमीन आधी विकत घेतली. तामाच्या संघांनी मालकाला सोबत ठेवले. सिडकोने जमीन आधी सक्तीने घेतली आणि संघर्षानंतर तिचा लहानसा भाग परत केला. नव्या मार्गावरील छोट्या स्थानकांभोवती आज शेते आहेत. उद्या तेथे भूखंडांचे फलक लागतील. ते फलक लागण्यापूर्वी स्थानकाभोवतीच्या गावांनी ग्रामसभेत एकच प्रश्न विचारला तरी पुरेसा आहे : येथे नगररचना योजना होणार आहे का, आणि अंतिम भूखंड किती टक्के मिळणार? जासईच्या शेतकऱ्यांना हा प्रश्न विचारण्याची संधी जमीन गेल्यानंतर मिळाली होती.